आजाराला नाव नाही, तोवर: निदानाची वाट पाहणाऱ्या घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. सहाव्या वर्षापासून तो चालता चालता पडतो, आणि त्याला नेमकं काय झालं आहे हे अजून कोणी सांगू शकलेलं नाही. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, घरी कोरडवाहू शेती. दवाखान्यांच्या रांगांमध्ये ज्यांच्या ओळखी झाल्या त्यांनी माझा नंबर पुढे दिला, त्यांनी आणखी पुढे. आता आठवड्याला चार-पाच फोन येतातच. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, औषधाचं सांगणार नाही. वाट पाहण्याचं मात्र मला कळतं.

१. दुर्मिळ आजार म्हणजे काय? आमच्या गावात तर असं कोणालेच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने हजार माणसांमागे एक किंवा त्याहून कमी जणांना होणारा, जन्मभर पुरणारा आजार म्हणजे दुर्मिळ. असे सात हजारांवर आजार आहेत. एकेक आजार विरळा, पण सगळ्यांची बेरीज केली की अशी घरं कुठल्याही तालुक्यात सापडतात. फक्त ती एकमेकांना माहीत नसतात. बहुतेक आजार जनुकांतल्या बिघाडामुळे होतात आणि पुष्कळदा लहानपणीच दिसू लागतात.

आपल्याकडे एक गोष्ट उलटी आहे. जगात बऱ्याच ठिकाणी सिकलसेल, हा रक्ताचा जनुकीय आजार, विरळा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात तो शब्द प्रत्येक आशाताईला पाठ. त्याचा फायदा आहे, आणि इतर आजारांच्या लेकरांना त्याचा फटकाही बसतो (प्रश्न २).

२. चार वर्षं झाली. इतका वेळ काहून लागते? डॉक्टरले समजत नाही का सांगत नाहीत?

बहुतेक वेळा समजत नाही. लपवणारा डॉक्टर मला तरी क्वचितच भेटला. "मला कळत नाही" एवढं न बोलता टॉनिक लिहून देणारे मात्र खूप भेटले.

डॉक्टर आधी नेहमीचं पाहतो, आणि ते बरोबरच आहे. आपल्या भागात हाडं दुखतात म्हटलं की सिकलसेल, पानथरी (प्लीहा) वाढली की मलेरिया, अशक्तपणा असला की रक्त कमी. आता गौशे नावाचा एक आजार घ्या. त्यात एक एन्झाइम कमी पडतं, म्हणून पानथरी वाढते, रक्त कमी होतं आणि हाडंही दुखतात. म्हणजे आधी मलेरियाच्या गोळ्या, मग सिकलसेलची तपासणी, मग लोहाच्या गोळ्या. प्रत्येक पाऊल आपल्या जागी योग्य आणि तरी दोन वर्षं गेलेली. शिवाय पोटाचा डॉक्टर पोट पाहतो, हाडाचा हाड. सगळा माणूस एका टेबलावर कोणी पाहतच नाही. म्हणूनच फाइल महत्त्वाची (प्रश्न ८).

३. रिपोर्ट नॉर्मल आला आणि मले रडू आलं. घरचे म्हणतात येडी झाली का?

नाही. हे जवळपास सगळ्यांचं होतं.

मुलाचं सीपीके, म्हणजे स्नायूंसाठीची एक रक्ततपासणी, नागपूरला केली तेव्हाची गोष्ट. स्नायूंचा एक मोठा आजार असला की हा आकडा फार चढतो, असं आम्हाला सांगितलं होतं. चार दिवस मी दुसरं काही बोलले नाही. पाकीट उघडलं तर सगळे आकडे मर्यादेत, एकही ठळक अक्षरात नाही. ह्यांनी तिथूनच घरी फोन लावला, मामाजी (माझे सासरे) म्हणाले गावात पेढे वाटतो. तेवढ्यात पोरगं बाकावरून उठलं, नेहमीसारखं दोन्ही हात मांड्यांवर टेकत टेकत. कागद म्हणत होता काही नाही, आणि समोर तर होतंच. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या तपासणीत जे पकडता येतं ते सापडलं नाही. एक दार बंद झालं. घरच्यांना हे एकदा शांतपणे सांगा. त्यांनाही पेढ्यांची घाई भीतीपोटीच असते.

४. कितीही वाईट निघो, पण नाव तरी कळू दे असं वाटते. हे पाप आहे का?

पाप नाही. नाव कळलं की लोकांना सांगता येतं, योजनेच्या अर्जावर लिहिता येतं, दुसऱ्या आईबापाला शोधता येतं. माझ्या ओळखीच्या एका बाईला निदान मिळालं, ते बरं न होणारं होतं, तरी त्या रात्री तिला दोन वर्षांनी सलग झोप लागली. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला तेव्हा ती बोलूच शकत नव्हती. दोन्ही खरं असतं. सुटकेनंतर दुःख येतंच, त्याची तयारी ठेवा.

५. डॉक्टर म्हणतात टेन्शनमुळे होते. म्हणजे ढोंग आहे का?

ढोंग आणि टेन्शन ह्या वेगळ्या गोष्टी. मेंदू आणि शरीर यांच्यातल्या संपर्कात बिघाड होऊन खरोखर हात लुळा पडतो, फिट्ससारखे झटके येतात. तो खरा आजार आहे, त्याला उपचार आहे आणि त्यातून माणसं बरीही होतात. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं म्हणून अपमान मानू नका.

पण तो निष्कर्ष तपासून काढलेला हवा. "बाकी काही सापडत नाही, म्हणजे टेन्शन" हे अर्धवट उत्तर आहे. डॉक्टरांना सरळ विचारा: "तपासताना तुम्हाला असं काय दिसलं, ज्यावरून हे ठरवलं?" उत्तर मिळालं तर ऐका. नुसता हात झटकला तर दुसरीकडे दाखवा. बायकांच्या बाबतीत हा हात जास्त लवकर झटकला जातो, हे मी रांगेत बसून पाहिलं आहे.

६. सगळे म्हणतात बाहेरचं आहे. एकदा दाखवून पाहायला काय हरकत?

तीन वर्षांत कोणालाच काही सांगता आलं नाही की माणूस जो सांगतो त्याच्याकडे जातो. बाबा निदान पाच मिनिटांत देतो, शेजारणीच्या नावासकट. त्याची ओढ मला कळते. आम्हीही गेलो होतो. दोन अमावास्या आणि एक बकरा.

देवाला जा, नवस बोला, त्याला माझी ना नाही. चार गोष्टी मात्र करू नका. चालू गोळ्या बंद करू नका. नाव नसलेलं भस्म किंवा पुडी पोटात घालू नका. काहींत शिसं, पारा असतो, त्याने लिव्हर आणि किडनी बिघडतात आणि पुढचे रिपोर्टही गोंधळतात. अंगाला डाग देऊ देऊ नका. आणि कोणाही बाईवर करणीचा आळ येऊ देऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

विल्सन नावाच्या आजारात अंगात तांबं साठत जातं. हुशार पोरगं अचानक चिडकं होतं, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. गावाला ते अंगात आल्यासारखं दिसतं. ह्या आजारावर गोळ्या आहेत, जन्मभर घ्याव्या लागतात; वेळेवर सुरू झाल्या तर माणूस कामधंदा करतो. उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येत नाही. बाबाकडे जाणारे महिने ह्या हिशेबात धरा.

७. सासरचे म्हणतात दोष माझ्याकडून आला. खरंच का?

हा प्रश्न मला बाप कधीच विचारत नाहीत.

जनुकं आई आणि बाप दोघांकडून येतात. पुष्कळ दुर्मिळ आजारांत दोघंही धडधाकट असतात, दोघांकडे त्याच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते आणि लेकराला दोन्ही बिघडलेल्या मिळतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. काही आजार आईकडून मुलाकडे जातात, तिला स्वतःला काही त्रास न होता. काहींत बदल लेकरातच पहिल्यांदा घडतो, दोन्ही घराण्यांत कुठेच नसतो. ग्रहणात भाजी चिरली, पोटुशी असताना धुरे (शेताचे बांध) ओलांडले, ह्याने जनुक बदलत नाही.

मामाच्या पोरीशी किंवा आत्याच्या पोराशी लग्न झालं असेल तर दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, हे खरं. डॉक्टरांना ते जरूर सांगा, लपवू नका. पण ते लग्न ठरवलं कोणी? अक्षता टाकणाऱ्यांनीच आता सुनेकडे बोट दाखवू नये. मी हे मामाजींसमोर बोलले होते. घरात आठ दिवस अबोला होता, मग मिटला.

८. डॉक्टर पाच मिनिटं देतात. काय सांगावं सुचतच नाही.

तारखेच्या आधी घरी बसून एक पान लिहा. वरती: त्रास कधी सुरू झाला, आधी काय येत होतं जे आता येत नाही. खाली वर्षवार: कुठे दाखवलं, काय तपासलं, काय निघालं. मागच्या बाजूला आजी-आजोबांपर्यंतचं घराणं, कोण लहानपणी गेलं, कोणाला असंच काही होतं. आत्या-मामांना विचारताना जुन्या गोष्टी निघतात. माझ्या सासूबाईंचा एक भाऊ "पायाने अधू" होता हे घरात चाळीस वर्षं कोणी बोललंच नव्हतं.

झटका, पडणं, पापणी मिटणं यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. ओपीडीत लेकरू नेमकं ठीक असतं. संध्याकाळी जास्त होतं की सकाळी, तेही लिहा. काही आजार एवढ्यावरूनच ओळखू येतात. मूळ कागद कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. आमची फाइल बियाण्याच्या कंपनीच्या पिशवीत असते, पावसात भिजत नाही.

आणि तीन प्रश्न: तुम्हाला कशाची शंका आहे? कशाची शंका आता उरली नाही? पुढचं पाऊल काय आणि कधी?

९. जायचं कुठे? नागपूर, सेवाग्राम, का थेट मुंबई?

अठरा वर्षांखालचं लेकरू असेल तर सुरुवात गावातूनच होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. त्यांना दाखवून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. पुढे नागपूरचं मेडिकल, मिहानमधलं एम्स, वर्ध्याजवळची सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं. कुठेही गेलात तरी बालरोग किंवा मेंदूविकार विभागात "जनुकीय आजाराची शंका आहे का" असं तोंडाने विचारा.

केंद्राचं दुर्मिळ आजार धोरण 2021 सालचं. त्यात ठरावीक मोठ्या केंद्रांतून उपचाराला 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि महाराष्ट्रातलं केंद्र मुंबईचं केईएम. मदत यादीतल्याच आजारांना आहे, म्हणजे आधी नाव हवं. बिननावाच्या लेकराला ह्या दारात उभंच राहता येत नाही, याचा राग मला आजही येतो.

तारीख घेताना शेतीचं सांगायला लाजू नका. धान रोवणीच्या किंवा कापूस वेचाईच्या दिवसांतली तारीख बुडते, आणि "फॉलोअपला येत नाहीत" असा शेरा पडतो. आधीच बोललं तर पंधरा दिवस इकडे-तिकडे करून देणारे कर्मचारी आहेत.

१०. जनुकीय तपासणी केली. रिपोर्टमध्ये "अनिश्चित" लिहिलं आहे. आता?

एक्झोम नावाच्या तपासणीत जनुकांचा तो भाग वाचतात ज्यावरून शरीरातली प्रथिनं बनतात. रिपोर्टला साधारण चार ते आठ आठवडे, कधी जास्त. उत्तरं तीन प्रकारची: सापडलं, नाही सापडलं, आणि बदल दिसतो आहे पण तो आजार करतो की नाही हे आज सांगता येत नाही. तिसरं सगळ्यात छळतं. आमचं तेच आलं.

अशा वेळी आईबापाचं रक्त तपासलं तर काही वेळा उलगडा होतो. नाही झाला तर वर्ष-दोन वर्षांनी तोच साठवलेला डेटा पुन्हा वाचायला सांगा, कारण जगात नवी माहिती रोज जमा होते. त्यासाठी पुन्हा रक्त द्यावं लागेलच असं नाही. "नाही सापडलं" म्हणजे "आजार जनुकीय नाही" असंही नव्हे. आणि अनिश्चित बदलाच्या जोरावर कोणतंही मोठं पाऊल उचलू नका, गर्भपात तर नाहीच.

ते विचित्र इंग्रजी अक्षर-आकडे मी महिनाभर मोबाइलवर शोधत होते. रात्री दोनला. त्यातून काही हाती लागलं नाही, डोळे मात्र गेले.

११. निदान नाही तर उपचार नाहीच का? शाळा, सर्टिफिकेट?

फिजिओथेरपी, झटक्यांची औषधं, दुखणं, आहार, श्वास, हे सगळं नावाशिवाय चालतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डही (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) अनेकदा मिळतं, कारण अस्थिव्यंग मोजताना हातापायाला काय जमत नाही ते मोजतात. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. शिबिराची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात जा. शाळेत मुख्याध्यापकांना भेटून वर्ग खालच्या मजल्यावर मागा. आमच्या सरांनी दुसऱ्याच दिवशी वर्ग बदलला; मी मात्र मागायला दोन वर्षं लावली होती.

१२. हे कोणाशी बोलतच नाहीत. रात्री अंगणात बसून राहतात.

आपल्याकडे बाप दवाखान्याचे पैसे जमवतो आणि गप्प राहतो. दोन्ही मिळून त्याला खाऊन टाकतं. समोरासमोर बसवून विचारलं तर उठून जाईल. काम करता करता विचारा. आमचं पहिलं खरं बोलणं तुरीच्या शेंगा तोडताना झालं, दोघांची तोंडं झाडाकडे.

14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. झोप, जेवण महिनाभर बिघडलेलं असेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं तोंडातून एकदाही आलं, तर वाट पाहू नका, आणि त्यांना एकटं सोडू नका. त्याच दिवशी एक काम करा: फवारणीचं औषध घरातून, गोठ्यातून हलवा, कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे द्या. लोक म्हणतील संशय घेते. घेऊ द्या.

१३. लेकराले काय सांगायचं?

जेवढं तुम्हाला माहीत आहे तेवढं, त्याच्या वयाच्या शब्दांत. माझा आठ वर्षांचा असताना म्हणाला होता, "आई, मी मरणार म्हणून तुम्ही हळू बोलता का?" आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजत होतो, नागपूरच्या खर्चाबद्दल. त्याने बापडा स्वतःच निदान करून टाकलं होतं. तेव्हापासून त्याच्या समोर बोलतो. "डॉक्टरांना अजून समजलं नाही, ते शोधत आहेत, तुझी काही चूक नाही." सुई टोचणार असेल तर टोचणार म्हणून आधी सांगा. आणि दुसऱ्या लेकरांना विसरू नका. ज्याला काही झालं नाही ते घरात सगळ्यात एकटं असतं.

१४. मोठ्या पोरीचं लग्न जमवायचं आहे. पोराचं लपवावं का?

लपत नाही, उशिरा कळतं. मी तरी सांगून टाकेन. निदान नसताना "घराण्यातला रोग" असं कोणी म्हटलं तर ते सिद्ध करायला त्यांच्याकडेही काही नसतं. पोरीचा विचार घ्या, स्थळाच्या आधी. ती वाहक आहे का (स्वतःला त्रास नसून बिघडलेली प्रत तिच्याकडे आहे का) हे निदान झाल्यावरच तपासता येईल, आणि तो निर्णय तिचा.

१५. दुसरं मूल होऊ द्यावं का?

हे जनुकीय समुपदेशकाशी बोलूनच, आणि दिवस जाण्याच्या आधी. कोणता बदल शोधायचा हेच माहीत नसेल तर गर्भाच्या पाण्याची तपासणी त्या आजाराबद्दल काही सांगू शकत नाही. सोनोग्राफी चांगली आली म्हणजे सगळं चांगलं, असंही नाही. घरच्यांचा आग्रह हे कारण होऊ शकत नाही.

१६. आमचं लेकरू गेलं. कशानं गेलं ते कळलंच नाही. आता शोधून काय करायचं?

ह्या फोनवर मी आधी काही सांगत नाही, ऐकते.

विचारलंच तर एवढं: तपासणीला दिलेलं रक्त किंवा त्यातला डीएनए लॅबमध्ये जपलेला असू शकतो, तो टाकू नका असं लेखी कळवा. आईबापाच्या रक्तावरूनही कधी उत्तर निघतं. धाकटी भावंडं असतील, पुढे मूल हवं असेल, तर त्याचा उपयोग आहे (प्रश्न १५). नको असेल तर तेही ठीक. एका बाईने फाइल गव्हाच्या कोठीवर ठेवली आहे, उघडत नाही आणि जाळूही देत नाही. ठेवू द्या.

१७. तुमच्या पोराचं निदान लागलं का?

नाही. डेटा पुन्हा वाचायला दिला आहे. तारीख नोव्हेंबरातली आली, ऐन वेचाईत, बदलून मागितली पण ह्या वेळी जमलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "तू जा, कापूस मी पाहते." परवा फाइलचं पहिलं पान नव्याने लिहायला बसले तर पोराने पेन मागितला आणि खाली स्वतः एक ओळ लिहिली: "पायऱ्या चढताना डावा पाय आधी दमतो." सहा वर्षांत हे मला माहीत नव्हतं. कोणी डॉक्टरांनीही त्याला विचारलं नव्हतं.